भयाची शिल्लक

जयपुराहून सीकरकडे जाणाऱ्या वाटेवरील चौमूंचा राजवाडा, जो एके काळी ठिकाण्याच्या, म्हणजे जहागिरीच्या, कारभाराचे केंद्र होता व आज हॉटेल झाला आहे, प्रियदर्शन यांच्या 2007 सालच्या ‘भूलभुलैया’ या चित्रपटात झळकला; परंतु त्यातील निषिद्ध दालन नायिका उघडते तेव्हा प्रेक्षकाच्या वाट्याला केवळ पाहणे येते, उघडण्याचे उत्तरदायित्व येत नाही. ते उत्तरदायित्व ज्याचे त्याच्याच हवाली करणारा कलाप्रकार म्हणजे ‘सर्व्हायव्हल हॉरर’ जातीचे व्हिडिओ गेम. आणि त्यांना आता रसिक उरला आहे काय, हा विचारार्ह प्रश्न आहे.

‘अलोन इन द डार्क’ने 1992 साली ज्याची पायाभरणी केली, त्या प्रकाराला नाव व रूप दिले ते शिंजी मिकामी यांनी दिग्दर्शित केलेल्या, कॅपकॉमच्या 1996 च्या ‘रेसिडेंट ईव्हिल’ने. तेथेही एक एकाकी हवेली आहेच. मात्र तिच्यातील खरे भय चालत्या प्रेतांत नसून तुटवड्यात आहे. गोळ्या मोजक्या, सामानास जागा अपुरी, आणि झालेली वाटचाल नोंदवून ठेवावयाची तर टंकयंत्राची फीत खर्ची घालावी लागते. म्हणजे अभयसुद्धा शिध्यासारखे मोजून मिळावे, अशी सारी तजवीज.

ही काटकसर पुढे निर्मात्यांनीच मोडीत काढली. त्याच मालिकेच्या 2005 मधील चौथ्या भागाने नेमबाजीला प्राधान्य देऊनही उत्कंठा राखली. 2012 च्या सहाव्या भागात मात्र स्फोटांच्या गदारोळात भय बेपत्ता झाले, आणि दोष गेला रसिकाच्या माथी. वस्तुतः 2010 सालीच स्वीडनमधील फ्रिक्शनल गेम्सने ‘अ‍ॅम्नेशिया’त खेळाडूस निःशस्त्र करून, दिव्याचे तेलही तोलून देऊन, याच रसिकाला जिंकले होते. पुढे 2017 चा ‘रेसिडेंट ईव्हिल’चा सातवा भाग, 2019 मधील दुसऱ्या भागाची पुनर्निर्मिती आणि 2024 मधील ‘सायलेंट हिल 2’चा नवा अवतार यांचे जे स्वागत झाले, त्यावरून तुटवडा परतताच रसिकही परतला, असेच म्हणणे प्राप्त आहे.

तरीही यशाच्या या यादीत जुन्याचीच डागडुजी अधिक दिसावी, ही चिंतेची बाब होय. शिवाय दुसऱ्याचा खेळ यूट्यूबवर पाहून घाबरणारा मोठा वर्ग हा प्रेक्षकच राहतो. हिशेब चुकल्याचा दंड त्याला भरावा लागत नाही.

आपल्याकडे महागडे यंत्र नसलेल्या मुलांपर्यंत हा प्रकार पोहोचला तो मोबाइलवरील ‘ग्रॅनी’सारख्या खेळांतून, जेथे हातून वस्तू निसटून झालेला आवाजही म्हातारीला बोलावणे धाडतो. नारायण धारप व रत्नाकर मतकरी यांच्या भयकथांच्या वाचकांना भयाचे वावडे नाही. ‘तुंबाड’ 2024 मध्ये पुन्हा पडद्यावर आला तेव्हा त्याने 2018 च्या पहिल्या प्रदर्शनाहून अधिक कमाई केली. निर्मितीचे कौशल्यही आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ हा खेळ, जरी तो भयप्रधान नसला तरी, त्याची साक्ष देतो. उणीव आहे ती आपल्या वाड्यांतील कुलुपे खेळाडूच्या हाती सोपवून त्याला किल्ल्या मात्र मोजक्याच देण्याचे धाडस करणाऱ्या निर्मात्याची.