खान, कान्हा की खांडव?

'सांस्कृतिक पूर्वग्रह' हा शब्द आपल्या साहित्यचर्चेत इतका वापरला गेला आहे की तो आता गुळगुळीत झाला आहे. पूर्वग्रह हा नेहमी दुसऱ्याच्या डोक्यात असतो, एवढाच त्याचा अर्थ उरला आहे. पण पूर्वग्रह बाळगणारा माणूस लबाड असतोच असे नाही. बहुधा तो प्रामाणिकच असतो. त्याने एका गोष्टीचे एकच कथन लहानपणापासून ऐकलेले असते. त्याच गोष्टीचे दुसरेही कथन असू शकते, ही शक्यता त्याच्यापर्यंत कधी पोहोचलेलीच नसते. हे कसे घडते ते तपासायला आम्हाला लांब जाण्याचे कारण नाही. आमच्या मुलखाचे नाव त्यासाठी पुरेसे आहे.

खानदेश हे नाव कुठून आले? अबुल फजलने 'ऐन-इ-अकबरी'त एक उत्तर देऊन ठेवले आहे. गुजरातच्या सुलतान अहमदशहाने फारुकी राजा मलिक नसीर याला 'खान' हा किताब दिला, त्या खानाचा देश तो खानदेश. दुसरे उत्तर अहिर-गवळ्यांच्या परंपरेतून येते. कान्हाचा देश तो कान्हदेश. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई बसवणाऱ्या बायका म्हणतात, हा कानबाईचा देश. पुराण ऐकलेले लोक सांगतात, हे महाभारतातले खांडववन. यादवांच्या काळातल्या सेऊणदेशाशीही या प्रदेशाचे नाते सांगितले जाते. अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतल्यावर शहजादा दानियालच्या नावावरून या सुभ्याला 'दानदेश' म्हणवले. ते नाव लोकांच्या तोंडी रुजले नाही आणि राज्यकर्त्याच्या हुकमाबरोबरच मागे पडले.

यातली कोणती व्युत्पत्ती शास्त्रशुद्ध, हा भाषाभ्यासकांचा प्रांत आहे. आमचा प्रश्न ऐकणाऱ्याविषयी आहे. नाव तेच, अक्षरे तीच. पण एकाला त्यात खान ऐकू येतो आणि दुसऱ्याला कान्हा. आधी कान ठरतो, मग नाव ऐकू येते. औरंगाबाद व उस्मानाबाद यांची नावे २०२३ मध्ये आणि अहमदनगरचे नाव २०२४ मध्ये बदलल्यानंतर तर ही गोष्ट निव्वळ पंडिती राहिलेली नाही. नावात कोणाचा आवाज ऐकू यावा, यावर आज माणसांची मने तुटतात.

शिरपूर तालुक्यात हा प्रश्न जमिनीवर उभा राहिलेला दिसतो. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी पावरा आणि भिल्ल समाजाचे पाडे आहेत. अरुणावतीकाठच्या शिरपुरात माघ पौर्णिमेला खंडेराव महाराजांची यात्रा भरते. तापीकाठी थाळनेरला फारुकी घराण्याच्या कबरी आहेत. १३७० साली फिरोजशहा तुघलकाने मलिक राजाला थाळनेर आणि करवंद या परगण्यांची जहागीर दिली आणि त्या घराण्याची इथली कारकीर्द सुरू झाली. या एका तालुक्यात खान आहे, खंडेराव आहे आणि खांडववनाची आठवण करून देणारे रानही आहे. तरीही आपापल्या वस्तीतून पाहणाऱ्याला यातले एकच काय ते दिसते. थाळनेरच्या कबरी कोणाला 'परक्यांच्या' वाटतात, तर कोणाला फक्त 'आपल्या'. दोघांच्याही नजरेतून थाळनेर निसटते.

ते कसे निसटते, याचे एक उदाहरण १८१८ मधले आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत जनरल हिस्लॉपच्या इंग्रजी फौजेने थाळनेरवर हल्ला केला. किल्ला होळकरांचा, किल्लेदार तुळशीराम आणि आत लढणारी शिबंदी अरबांची होती. शिबंदी कापली गेली आणि किल्लेदाराला फाशी देण्यात आले. मराठी राज्याच्या अखेरच्या लढायांपैकी एका लढाईत एक हिंदू किल्लेदार आणि अरब शिपाई एकाच तटाआड मेले. ही हकिकत छापील इतिहासात आहे, कोणी लपवलेली नाही. तरी ती आपल्या कादंबऱ्यांत, पोवाड्यांत, शाळेच्या नाटकांत उतरली नाही, कारण ती ठरलेल्या साच्यात बसत नाही. पूर्वग्रह पुरावा नष्ट करत नाही. तो पुराव्याला गोष्ट होऊ देत नाही.

मराठी समीक्षेनेही हे केले आहे. लोकप्रिय ऐतिहासिक कादंबरीतला मुसलमान बहुधा अत्तर लावतो, दाढी कुरवाळतो आणि मोडक्या हिंदीत बोलतो. त्याला शेत नसते, कर्ज नसते, मराठी बोलणारी आई नसते. त्याच्या उलट टोकाला मुस्लिम मराठी लेखकाविषयीचे कौतुक उभे असते : "मुसलमान असूनही किती छान मराठी लिहितात!" या 'असूनही'त सगळा पूर्वग्रह साठलेला आहे. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यामागे हे 'असूनही' पुसण्याची गरज होती. खानदेशातला पिंजारी, बागवान, खाटीक बाजारात अहिराणी बोलतो, तेव्हा तो भाषेवर उपकार करत नसतो. ती त्याची रोजची बोली असते.

मग यावर पुराणकथेचा उपाय कसा चालणार? शंका रास्त आहे आणि ती तीन बाजूंनी येते. श्रद्धावान मुसलमान म्हणेल, देवदेवतांच्या कथांशी आमचा संबंध नाही. बुद्धिवादी म्हणेल, माणसाला मिथकातून बाहेर काढायचे की पुन्हा आत ढकलायचे? तिसरी शंका अनुभवाची आहे. आपल्या डोळ्यांदेखत पुराणकथांच्या झेंड्यांखाली मिरवणुका निघाल्या आणि वस्त्या जळाल्या. या तिन्ही शंकांना आमचे उत्तर एकच आहे. पूर्वग्रह ज्याच्यावर पोसतो ते मिथक नसते. मिथकाचे बाकी सगळे पाठ गाडून टाकून उरवलेला तो एकच पाठ असतो. कथा जिवंत असते तेव्हा ती एकाच तोंडाने बोलत नाही.

खांडववनाचीच कथा घ्या. महाभारतातले ते रान यमुनेकाठचे. त्याला तापीकाठी आणले ते लोककल्पनेने. पण ज्याला अभिमानाने खांडवाचे नाव घ्यायचे आहे त्याने ती कथा पुरी ऐकावी. अग्नीला रान हवे असते. कृष्ण आणि अर्जुन ते पेटवू देतात आणि पळणाऱ्या जिवांना वाट मिळू देत नाहीत. तक्षक नाग त्या वेळी तिथे नसतो. त्याची पत्नी मुलाला वाचवताना मरते. त्या आगीतून सहा जीव वाचतात : तक्षकाचा मुलगा अश्वसेन, मय दानव आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्ले. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये मयसभेविषयी लिहिताना या दहनाचा गौरव केला नाही. त्यातल्या क्रौर्याकडे त्यांनी वाचकाला पाहायला लावले. हा ग्रंथ १९६७ मध्ये आला, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि कोणाचीही श्रद्धा त्यामुळे बुडाली नाही.

आता आमचा प्रश्न असा. आपला देश खांडववन असेल, तर आपण कोण? पेटवणारे की जळालेले? या भूमीचे मूळ रहिवासी म्हणून स्वतःकडे पाहणाऱ्याला ही कथा नागांच्या बाजूला नेऊन उभे करते. सातपुड्याच्या पाड्यावरचा, रानातून हुसकला गेलेला माणूस तिथे आधीच उभा असतो. 'आम्ही' आणि 'ते' यांच्या जागा कथेच्या आतच बदलतात. हे काम कोणतेही व्याख्यान करू शकत नाही, कारण व्याख्यान ऐकणारा आपल्या जागेवरून हलत नाही.

कथा तिथेच संपत नाही. सूड पिढ्यान्‌पिढ्या फिरतो. तक्षक परीक्षिताला दंश करतो आणि परीक्षिताचा मुलगा जनमेजय सगळ्या नागकुळाचा नाश करायला सर्पसत्र मांडतो. महाभारत सांगितले जाते ते याच यज्ञात. म्हणजे आपल्या पूर्वजांची सगळी कथा ऐकणारा राजा त्याच वेळी एका जमातीला आगीत टाकतो आहे. ते सत्र थांबवतो आस्तिक नावाचा मुलगा. त्याचा बाप ऋषी आहे आणि आई नागकन्या. दोन्ही बाजूंचे रक्त ज्याच्यात आहे, त्याच्याच शब्दाने आग थांबते.

यावल, रावेर, चोपडा या भागांत तडवी भिल्ल राहतात. ते आदिवासी आहेत आणि मुसलमानही. धर्माने पाहणाऱ्याला ते अर्धेच दिसतात, जमातीने पाहणाऱ्यालाही अर्धेच. खानदेशाच्या साहित्याने त्यांच्याकडे आस्तिकाच्या नजरेने पाहिले असते, तर आपल्याला केवढी मोठी कादंबरी मिळाली असती! भालचंद्र नेमाडे यांच्या २०१० च्या 'हिंदू'मधला खानदेशी शेतकऱ्याचा मुलगा मोहेंजोदडोत उत्खनन करतो. त्याचे नाव खंडेराव आहे. आपला भूतकाळ आजच्या सरहद्दीपलीकडच्या मातीत सापडू शकतो, हे मराठी कादंबरीने तिथे मान्य केले आहे. आता सातपुड्याच्या पायथ्याची माती उकरायची आहे.

शिरपूरच्या यात्रेतल्या देवाकडेही असेच पाहता येते. खंडोबाला मुसलमान भाविकांत मल्लूखान, अजमतखान ही नावे आहेत. त्याच्या बायका पाहिल्या तर म्हाळसा लिंगायत वाण्याची, बाणाई धनगराची. चंदाई भागवीण ही तेलीण मुसलमान होती असे मुसलमान भाविक मानतात. जेजुरीला देवाच्या घोड्याची देखभाल परंपरेने मुसलमानांकडे असल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. ज्या समाजांना एका पंगतीत बसवणे कठीण होते, त्यांना लोकांनी एका देवाच्या संसारात नांदवले. ही भाबडी एकात्मता नव्हे. सवतींच्या त्या घरात भांडणे आहेत, टोमणे आहेत. पण घर एक आहे, आणि कोणी कोणाला घराबाहेर काढत नाही.

श्रद्धावान मुसलमानाची शंका मात्र केवळ खंडोबाच्या कथेने फिटणार नाही, आणि तसा आग्रहही नसावा. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी त्याचा मार्ग सतराव्या शतकातच दाखवला आहे. स्वतःला 'अविंध' म्हणवणाऱ्या या कवीने 'योगसंग्राम' लिहिला. युद्धाचा सगळा साज त्याने घेतला, पण शत्रू मात्र माणसाच्या आतला ठरवला. मराठी ओवी आणि भारतीय कथासंचित आपले मानताना त्याने आपली ओळख लपवली नाही. हुसेन अंबरखानांनी गीतेवर 'अंबरहुसेनी' टीका लिहिली, तेव्हाही आपले नाव ग्रंथावरच कोरले. रा. चिं. ढेरे यांनी 'मुसलमान मराठी संतकवी' या ग्रंथात ही परंपरा समोर ठेवली आहे. हे कवी 'असूनही' लिहीत नव्हते; ते 'असल्यामुळे' लिहीत होते.

शिवाय पाहण्याची मर्यादा सांगणारी मोठी कथा आमच्याकडेही आहे. सूरह कहफमध्ये हजरत मूसा एका ज्ञानी पुरुषाबरोबर प्रवास करतात. परंपरा त्याला खिज्र म्हणते. तो गरिबांची नाव फोडतो, एका मुलाचा जीव घेतो आणि आतिथ्य नाकारणाऱ्या गावाची पडकी भिंत फुकट उभी करून देतो. मूसा प्रत्येक वेळी डोळ्यांना दिसले तेवढ्यावरून बोलतात आणि प्रत्येक वेळी अर्थ वेगळा निघतो. श्रद्धावंतासाठी हे मिथक नाही, ती अल्लाची वाणी आहे. हा फरक आम्ही जपतो. पण तिच्यातली शिकवण आस्तिकाच्या कथेशेजारी ठेवायला कोणाची हरकत असावी? एक पैगंबर आपल्या पाहण्यावर शंका घ्यायला शिकतो, तर वाचकाला आणि समीक्षकाला तेवढे का जमू नये?

कथेने सगळे भागेल असा आमचा दावा नाही. धुळ्यात २००८ च्या ऑक्टोबरात आणि २०१३ च्या जानेवारीत दंगली झाल्या. मेलेल्यांच्या घरी कथा घेऊन जाता येत नाही. तिथे कायदा लागतो, चौकशी लागते, न्याय लागतो. आस्तिकानेही राजाच्या यज्ञमंडपात जाऊन आपले मागणे मांडले, रानात बसून प्रार्थना केली नाही. पण दंगल घडण्याआधी बरीच वर्षे शेजारी शेजाऱ्याला ज्या नजरेने पाहत असतो, ती नजर गोष्टींनी घडवलेली असते. तिथे साहित्याचे काम आहे आणि ते दुसरे कोणी करणार नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. कानबाईची अहिराणी गाणी, तडव्यांच्या कुळकथा, पावऱ्यांची गाणी, पीर-दर्ग्यांच्या हकिकती आणि खंडेरावाच्या वाघ्या-मुरळ्यांची पदे एकाच पुस्तकात शेजारी शेजारी यावीत. कोणता पाठ खरा, याचा निवाडा संपादकाने करू नये. थाळनेरच्या कबरींविषयी शाळेतल्या मुलांनी गावातल्या पाच वेगवेगळ्या घरांतून पाच गोष्टी गोळा कराव्यात. आपल्या मुलखाचे नाव खानाचे, कान्हाचे, कानबाईचे की खांडवाचे, हा प्रश्न सोडवण्याची घाई आम्हाला नाही. चारही नावे ज्याला एकाच वेळी ऐकू येतात, त्यालाच आम्ही खानदेशी म्हणू.