भागीदारी कुणाची, जोखीम कुणाची? लेसोथोतल्या एका रुग्णालयाचा धडा

सार्वजनिक-खासगी भागीदारी, म्हणजे पीपीपी, हा विषय निघाला की सभागृहात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, सरकारला काही जमत नाही. दुसरा म्हणतो, खासगी म्हणजे लूट. आज मी असं उदाहरण घेणार आहे, जे या दोन्ही वाक्यांत बसत नाही.

लेसोथो. चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेनं वेढलेला छोटा, डोंगराळ देश. राजधानी मासेरूतलं जुनं सरकारी रुग्णालय पार मोडकळीला आलं होतं. जागतिक बँक गटातल्या आयएफसीच्या सल्ल्यानं सरकारनं २००८ साली त्सेपोंग या कंपनीशी १८ वर्षांचा करार केला. तिच्यात दक्षिण आफ्रिकेतली नेटकेअर प्रमुख भागीदार. कंपनीनं रुग्णालय बांधायचं आणि चालवायचं, सरकारनं दरवर्षी ठरलेली रक्कम द्यायची. २०११ मध्ये ४२५ खाटांचं क्वीन ममोहातो स्मृती रुग्णालय सुरू झालं.

आणि ते चांगलं चाललं, हे आधी मान्य करू. बोस्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी जुन्या रुग्णालयाशी तुलना केली, तेव्हा रुग्णालयातला मृत्युदर ४१ टक्क्यांनी कमी आढळला. ही माणसं वाचली आहेत. टीकाकारांना हे डावलून पुढे जाता येणार नाही.

मग बिघडलं कुठे? करारात. ठरलेल्या रकमेत वर्षाला २० हजार आंतररुग्ण आणि ३ लाख १० हजार बाह्यरुग्ण धरलेले होते. त्यावर रुग्ण गेले की जादा पैसे. आता बघा, जिल्ह्यातली रुग्णालयं दुबळी, राजधानीत नवं कोरं रुग्णालय, लोक येणारच! म्हणजे रुग्णालय जितकं नावारूपाला येणार, तितकं सरकारचं बिल फुगणार. पीपीपीत जोखीम वाटली जाते, असं आपल्याला सांगतात. इथे गर्दी वाढण्याची जोखीम सरकारच्याच पदरात पडली.

२०१४ मध्ये ऑक्सफॅमनं म्हटलं, देशाच्या आरोग्य अंदाजपत्रकातला निम्म्याहून जास्त पैसा या एका रुग्णालयावर जातो. जागतिक बँकेला हे मान्य नव्हतं. इतर मोजण्यांत आकडा कमी येतो. सगळा वाद मग टक्क्यांवरच अडकला. माझ्या मते टीकेचा रोख तिथे नको होता. प्रश्न आधी कुणाचे पैसे चुकते होतात, हा आहे. कंपनीची रक्कम करारानं बांधलेली. डोंगरातल्या दवाखान्याशी कुणी करार केलेला नसतो. त्यामुळे ओढाताण झाली की कात्री तिकडेच लागते.

अखेर २०२१ मध्ये सरकारनं करार मुदतीआधीच संपवला.

पीपीपीच्या बाजूचा नेहमीचा युक्तिवाद असा, की सरकारची क्षमता कमी आहे म्हणून खासगी भागीदार घ्या. पण १८ वर्षांचा करार वाचायला, रुग्णसंख्येचा अंदाज बांधायला, बिलं तपासायला, वेळ आली तर भांडायला क्षमताच लागते ना? जे सरकारकडे नाही म्हणून हा मार्ग धरला, तेच या मार्गावर सगळ्यात जास्त लागतं.

आपल्याकडे २०२० मध्ये नीती आयोगानं जिल्हा रुग्णालयं खासगी वैद्यकीय महाविद्यालयांना जोडण्याची योजना मांडली होती. अशी योजना पुन्हा समोर आली, तर ‘खासगी की सरकारी’ यावर घसा कोरडा करण्याआधी एवढंच विचारा: रुग्ण दुप्पट झाले, तर पैसे कोण भरणार? आणि कुणाच्या वाट्याचे?