गोळी 'अडते' म्हणजे काय?

'केव्हलार पोलादाच्या पाचपट मजबूत, म्हणून गोळी अडते' हे लोकप्रिय लेखांतले स्पष्टीकरण आम्हाला अपुरे वाटते. पाचपट खरे, पण समान वजनाला! पिस्तुलाची ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ४०० मीटर वेगाने आली तर तिची ऊर्जा ६४० ज्यूल, रायफलच्या ९.६ ग्रॅमच्या, ८४७ मीटर वेगाच्या गोळीची सुमारे ३,४४०. (हे गणित विद्यार्थ्यांकडूनच करवून घ्यावे.) नुसते कापड इथे पुरत नाही. म्हणून अमेरिकी सैनिकांच्या जाकिटात सिरॅमिकची प्लेट घालतात. ती गोळीचे टोक फोडते, पण स्वतःही तडकते. त्याच जागी दुसरी गोळी बसली तर भरवसा नाही. शिवाय अमेरिकेच्या राष्ट्रीय न्याय संस्थेच्या चाचणीत जाकिटामागे शरीराऐवजी ठेवलेल्या मातीत ४४ मिलिमीटरपर्यंत खळगा पडला तरी चालतो. एवढ्या माराने बरगडी मोडू शकते.