साधनाचें लक्षण आणि यंत्राचा विवेक

वाङ्मयपरीक्षणाच्या या पानांत संगणकाच्या साधनांवर लिहिलेल्या चार-दोन ओळींच्या वर्णनांची चर्चा करावी, हें कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु लेखनाची किंमत वाचकावर होणाऱ्या परिणामावरून ठरत असेल, तर ज्या लेखनाचा वाचक वाचतांच कृतीस लागतो, तें लेखन परीक्षणास अपात्र कसें म्हणावें?

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. कृत्रिम बुद्धिमत्तेचा 'एजंट' म्हणजे मनुष्याची मागणी ऐकून त्याच्या वतीनें संगणकावरील कामें उरकणारी यंत्रणा. नोंद शोधणें, अर्ज भरणें, हिशेब करणें यांसाठीं त्याच्या हातीं निरनिराळीं साधनें दिलेलीं असतात. साधनाच्या पोटांत काय चालतें तें त्यास बहुधा दिसत नाहीं. त्याच्यापुढें येतें तें साधनाचें नांव, त्याचें वर्णन आणि पुरवावयाच्या माहितीची यादी. २०२४ च्या नोव्हेंबरांत अँथ्रॉपिक कंपनीनें 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' हा सर्वांस खुला असा संकेत प्रसिद्ध केल्यापासून, एकानें रचलेलें साधन दुसऱ्याच्या एजंटाहातीं देणें फार सुलभ झालें. म्हणजे लिहिणारा एक, वाचणारें यंत्र दुसऱ्याचें आणि परिणाम भोगणारा तिसराच!

वर्णन चांगलें कोणतें, हें ठरविण्यास नवें शास्त्र नको. तर्कसंग्रह शिकलेल्यांस लक्षणाचे तीन दोष स्मरत असतील. गाईचें लक्षण 'तांबूस रंग' असें केलें, तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ति. 'शिंगें असणें' म्हटलें तर म्हैसही आंत शिरते, ही अतिव्याप्ति. 'एकसंध खूर' म्हटलें तर तें एकाही गाईस लागत नाहीं, हा असंभव.

आतां हीच कसोटी आरमोरीच्या भागांतील धानाच्या व्यवहारास लावून पाहूं. आधारभूत किमतीनें धान घेण्याच्या या जिल्ह्यांतील कामास सरकारी भाषेंत 'धान खरेदी' म्हणतात. कारण तेथें घेणारें सरकार असतें. शेतकऱ्याच्या दृष्टीनें मात्र ती विक्री. अशी कल्पना करा कीं, एका साधनाचें वर्णन 'धान खरेदीची नोंद करतें' एवढेंच आहे. बियाण्यासाठीं धान विकत घेऊं इच्छिणाऱ्याची मागणी एजंट या साधनाकडे नेऊं शकेल, ही अतिव्याप्ति. 'माझें धान विकावयाचें आहे' म्हणणाऱ्यास मात्र असें साधनच नाहीं, असें उत्तर मिळूं शकेल, ही अव्याप्ति. पुढें 'क्षेत्र' असा रकाना असून त्याचें माप सांगितलेलें नाहीं. शेतकरी एकरांत बोलतो, सातबारा हेक्टर-आरांत. २ एकर म्हणजे सुमारें ०.८१ हेक्टर, तेथें नुसता '२' गेला कीं जमीन कागदावर जवळजवळ अडीचपट झाली. खिडकीवरचा अनुभवी कारकून येथें थांबून विचारील. एजंटही विचारूं शकतो. पण शंकेस जागा आहे हें त्यास वर्णनावरून कळलें तर! 'शेतकऱ्यानें स्वतःचें धान सरकारास विकण्यासाठीं. बियाणें घेण्यासाठीं नव्हे. क्षेत्र हेक्टरांत,' एवढें लिहिलें कीं काम भागतें. यांतील 'नव्हे' हा शब्द आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. साधन केव्हां वापरूं नये, हेंच लिहिणारे पुष्कळदां विसरतात.

परीक्षा कशी घ्यावी? बर्कले येथील विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२४ पासून चालविलेल्या क्रमवारींत, दिलेल्यांपैकीं एकही साधन योग्य नसतां यंत्र हात आवरतें कीं नाहीं, हेंही पाहिलें जातें. त्याच वर्षींच्या 'टाऊ-बेंच' परीक्षेंत तेंच काम पुनःपुन्हां दिलें गेलें. दुकानदारीच्या कामांत जीपीटी-४ओ या तेव्हांच्या अग्रेसर यंत्रणेस आठही वेळां यश येण्याचें प्रमाण शेंकडा २५ हूनही कमी भरलें. या कसोट्या स्तुत्य आहेत. परंतु त्या मुख्यतः यंत्राच्या आहेत. वर्णनाची परीक्षा करावयाची तर यंत्र तेंच ठेवून वर्णन बदलावें, शेजारीं मिळतींजुळतीं साधनें ठेवावीं आणि प्रश्न पुनःपुन्हां विचारावे. हे प्रश्न वर्णनकारानें स्वतः रचूं नयेत. तो आपलेच शब्द प्रश्नांत घालील आणि उत्तम गुण मिळवील. ज्यांनीं वर्णन पाहिलेंच नाहीं, अशा झाडीपट्टींतील माणसांच्या बोलींतून ते यावे.

यंत्रें अधिक शहाणीं झालीं म्हणजे वर्णनाची चिंता उरणार नाहीं, असा एक आक्षेप आहे. तो आम्हांस मान्य नाहीं. जें माप लिहिलेंच नाहीं तें शहाणपणानें कळत नाहीं; फार तर अंदाज सफाईचा होतो, आणि सफाईचा अंदाज पकडणें अधिक कठीण. शिवाय वर्णनकार प्रामाणिकच असेल असेंही नाहीं. वर्णनांतच छुप्या आज्ञा पेरून एजंटाकडून मालकाची खासगी माहिती काढून घेतां येते, हें इन्व्हेरियंट लॅब्स या संस्थेनें २०२५ च्या एप्रिलांत दाखवून दिलें.

सबब, सरकारी कामांत अशीं साधनें आणतांना त्यांचीं वर्णनें प्रसिद्ध करावीं आणि तीं भाषेच्या जाणकारांकडून व प्रत्यक्ष शेतकऱ्यांकडून तपासून घ्यावीं. वर्णनांतील चूक लिहिणाऱ्याच्या नव्हे, ज्याचा अर्ज फेटाळला जाईल त्याच्या पदरीं पडते.