राक्षसाच्या घरी विस्तव मागणारी मुलगी

मराठी बालवाङ्मयात मुली थोड्या नाहीत. परंतु आपल्या पायांनी घराबाहेर पडून, दुसऱ्याच एका जगात शिरून, तेथील राक्षसाशी गाठ घेऊन परत येणारी मुलगी आपल्या कथेत नाही, असा माझा बरीच वर्षे समज होता. ह्या समजाच्या आधारावर मी एका विद्यार्थिनीच्या वहीवर एक शेरा मारला. तो शेरा बरोबर होता काय, हे तपासून पाहावे म्हणून हा लेख लिहिण्यास घेतला आहे.

आमच्या शाळेतील मुले बहुतेक खानदेशातून आलेल्या कुटुंबांतील. जळगाव, धुळे, नंदुरबार ह्या भागांतून जणू तापीच्या प्रवाहाबरोबरच माणसे सुरतेस उतरली, मागावर व कापडबाजारात कामास लागली, आणि त्यांची मुले लिंबायत-उधन्याच्या वस्त्यांतून मराठी शिकू लागली. शाळेच्या वार्षिक हस्तलिखितासाठी कथा मागविल्या असता नववीतील एका मुलीने चाळीस पानांची वही आणून दिली. गच्चीवरील पाण्याच्या टाकीत वाकून पाहता पाहता एक मुलगी आत पडते व तळाशी निराळ्याच मुलखात बाहेर निघते. तेथील राक्षस माणसांचे आवाज चोरून मडक्यांत कोंडून ठेवतात. तिच्या धाकट्या भावाचा आवाज त्यांनी नेलेला असतो. तो आणावयास ती निघते. नायिकेचे नाव जपानी होते. रुमिको ताकाहाशी ह्या लेखिकेच्या १९९६ साली सुरू झालेल्या ‘इनुयाशा’ ह्या चित्रकथेत पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी विहिरीत पडून राक्षसांनी गजबजलेल्या जुन्या काळात पोहोचते, हे मला इतर मुलांकडून कळले. मी लाल शाईने लिहिले : ‘कल्पनाशक्ती चांगली, पण हे आपले नव्हे.’ कथा हस्तलिखितात घेतली नाही. मुलीने वही मुकाट्याने दप्तरात ठेवली.

पुढे निराळ्याच कामासाठी ‘ओल्ड डेक्कन डेज’ हे जुने पुस्तक पुन्हा चाळण्याचा योग आला. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर ह्यांची कन्या मेरी फ्रिअर हिने ते १८६८ साली प्रसिद्ध केले. त्यातील कथा तिला ॲना लिबेराता डिसूझा ह्या आयेने सांगितल्या, आणि ॲनाने त्या आपल्या आजीकडून ऐकल्या होत्या. संग्रह इंग्रजीत असल्यामुळे आपल्या अभ्यासकांनी त्याची दखल घेतली ती मुख्यतः लोककथांच्या वर्गीकरणापुरती. वाङ्मय म्हणून त्याकडे पाहण्याचे फारसे कोणाच्या मनात आले नसावे. त्यात सूर्याबाईची कथा आहे.

एका गवळणीची तान्ही मुलगी गरुडांची जोडी उचलून नेते आणि उंच झाडावरील आपल्या घरट्यात वाढविते. घरट्यास सात दारे. मुलगी मोठी झाल्यावर तिच्या करंगळीसाठी हिऱ्याची अंगठी आणावयास गरुड दूर समुद्रापार जातात. ती, एक कुत्रा व एक मांजर एवढीच मागे राहतात. मांजर रागाच्या भरात चूल विझविते. घरात विस्तव नाही. मुलगी उंचावरून चहूकडे पाहते, दूर कोठे तरी धूर दिसतो, आणि त्या धुराच्या रोखाने ती एकटी चालू लागते. ते घर राक्षसाचे. राक्षस बाहेर गेलेला आहे, घरी त्याची म्हातारी आई आहे. म्हातारी तिला दळावयास, झाडावयास, पाणी भरावयास लावून मुलाची वाट पाहत वेळ काढते. मुलगी सारी कामे उरकते व विस्तव घेऊन निघते. निघताना म्हातारी तिच्याजवळ भाजलेले धान्य देऊन ते वाटेवर टाकीत जावयास सांगते. त्याच धान्याच्या मागावरून राक्षस घरट्यापर्यंत येतो.

ह्या कथेत मला प्रथम जाणवले ते प्रयोजन. लुईस कॅरोलची ॲलिस अवघी तीन वर्षे आधी, १८६५ साली, प्रसिद्ध झाली होती. ती सशाच्या मागे बिळात शिरते ती कुतूहलापोटी. सूर्याबाई निघते ती विस्तवासाठी. काड्यापेटी घरोघर येण्यापूर्वी शेजारच्या चुलीतून विस्तव मागून आणणे हे आपल्याकडे मुलींचेच काम असे. कथेने एवढेच केले की शेजार राक्षसाचा ठेवला. त्यामुळे दुसऱ्या जगात जाण्यास कोणताही मंत्र लागत नाही. रोजचे काम थोडे अधिक दूर नेले की तेथे पोहोचता येते. आणि तेथे पोहोचल्यावर मुलीची कसोटी लागते तीही दळणकांडणाची. मियाझाकी ह्या जपानी दिग्दर्शकाच्या २००१ सालच्या ‘स्पिरिटेड अवे’ ह्या चित्रपटातील दहा वर्षांची मुलगी देवभूतांच्या स्नानगृहात नोकरी करून आईबापांची सुटका करते. जपानी मुलगी लादी पुसते, आमची जाते ओढते. ‘हे आपले नव्हे’ हे शब्द मला येथे पहिल्यांदा खटकले.

दुसरी कथा तर श्रावणात घरोघर वाचली जात आलेली नागपंचमीची कहाणी. धाकट्या सुनेला माहेर नाही. नागोबा मामा म्हणून येतो, तिला फण्यावर बसवून वारुळात नेतो. नागीण बाळंत होत असता हातातील दिवा पडून पिलांची शेपटे भाजतात. पुढे तीच पिले सूड घ्यावयास तिच्या सासरी येतात, तो ती भिंतीवर नागांची चित्रे काढून, दूध-लाह्या ठेवून आपल्या त्या भावांचे कुशल चिंतीत असते. पिले शांत होऊन परततात. सी. ए. किंकेड ह्यांनी १९१४ साली ‘डेक्कन नर्सरी टेल्स’मध्ये आपल्या श्रावणातील कहाण्या इंग्रजीत नेल्या. आपण मात्र त्या व्रताच्या कोनाड्यात ठेवल्यामुळे ही पाताळात जाऊन आलेल्या मुलीची गोष्ट आहे, हे विसरून गेलो. तिचा शत्रू मरत नाही. ज्यास तिने नकळत इजा केली तोच तिच्या दाराशी येतो, आणि त्याला ती भाऊ म्हणते. युद्धकथेत एवढी अवघड जागा क्वचितच येते.

येथवर आपले पारडे जड वाटेल. पण एक उणीव लपवून चालणार नाही. राक्षस दार ठोठावून दमतो, पण त्याचे तुटलेले नख दाराच्या फटीत राहते; सूर्याबाईच्या हाताला ते टोचते आणि ती निश्चेष्ट पडते. एक राजा येतो, नख काढतो, लग्न करतो. पुढे सवत तिला तळ्यात ढकलते. ती सूर्यफूल होते, आंबा होते, शेवटी आईच्या दुधाच्या भांड्यात पडून मूळ रूप घेते. सुंदर भाग आहे. परंतु धुराच्या रोखाने निघालेली मुलगी ह्या उत्तरार्धात एकही पाऊल आपल्या इच्छेने टाकीत नाही. ए. के. रामानुजन ह्यांनी भारतीय स्त्रियांच्या कथांविषयी लिहिताना असे दाखविले आहे की, ज्या कथांचे केंद्र स्त्री असते त्यांत विवाह हा शेवट नसून आरंभ असतो, आणि बहुधा तीच पतीला वाचविते. सूर्याबाईला हे भाग्य लाभले नाही. त्याच संग्रहातील ‘पंचकिन’ कथेत कामांची वाटणी अधिकच उघड आहे. मायावी पंचकिनाच्या कैदेतील बाळना गोड बोलून त्याचा प्राण कोठे आहे हे काढून घेते. अरण्यातील ताडांच्या वर्तुळात, पाण्याच्या सहा घागरींखाली पिंजऱ्यात असलेला पोपट आणावयास मात्र तिचा मुलगा जातो. गंमत अशी की, आईपर्यंत पोहोचण्यासाठी ह्या मुलाला माळ्याच्या मुलीचा वेष घ्यावा लागतो!

आधुनिक मराठी लेखकांनी ही वाटणी मोडावयास हवी होती. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’मध्ये अद्‌भुताची रेलचेल आहे, पण नावच नायकाचे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे माझ्या अत्यंत आवडीचा. तो फुरसुंगीचा मुलगा आहे. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’त चेटकीण रंगभूमी गाजविते, आणि तिच्याशी झुंजण्याचे काम अलबत्याकडे. ह्या लेखकांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्यांनी आमचे बालपण श्रीमंत केले. परंतु भुलाबाईची गाणी तोंडपाठ असलेल्या खानदेशी मुलीला साहसाची नायिका हवी झाली तेव्हा ती जपानहून घ्यावी लागली, ह्यात तिचा अपराध कोणता?

ही वही मी मागून घेऊन पुन्हा वाचली. कथेतला दोष परकेपणाचा नव्हताच. पहिल्या पंचवीस पानांत नायिका राक्षसांच्या आजीजवळ बसून मडकी धुते, आणि कोणत्या मडक्यात कोणाचा आवाज आहे हे धुताना कान लावून ओळखते. हा प्रसंग आमच्या हस्तलिखितात गेल्या दहा वर्षांत आलेल्या कोणत्याही लेखनाहून सरस आहे. सव्विसाव्या पानावर तिला आकाशातून एक तलवार मिळते आणि तेथून कथा पडते. ऐकण्याची गरज उरत नाही, नुसती कापाकापी चालते. शेरा मारावयाचा होता तो त्या तलवारीवर. सूर्याबाईची कथा तिने आजीकडून ऐकली होती काय, असे मी विचारले. नाही म्हणाली.

लाल शाईतील ओळ खोडून, त्याखाली तलवारीविषयी चार ओळी लिहून मी वही परत केली. तिने त्या वाचल्या आणि विचारले, “सर, तलवार काढली तर शेवटी भावाचा आवाज सोडवायचा कसा? सगळी मडकी तर तिने स्वच्छ धुऊन ठेवलीत.” मला ते सांगता आले नाही. परीक्षा झाल्यावर बघते, असे म्हणून ती वही घेऊन गेली.