पाऊण डॉलरचा माग

१९८६ साली कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत संगणक-वापराच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत निघाली. तिचा माग काढत खगोलशास्त्रज्ञ क्लिफर्ड स्टॉल पश्चिम जर्मनीतील घुसखोरापर्यंत पोचले. कोकिळा परक्या घरट्यात अंडे घालते, तसा याने संगणकात आपला प्रोग्राम बसवला होता. मिळालेली माहिती त्याची टोळी सोव्हिएत गुप्तचरांना विकत होती. स्टॉल यांचे ‘द ककूज एग’ (१९८९) आम्हांला आवडले ते काटेकोर नोंदींमुळे. काही लष्करी संगणकांवर कारखान्यातून आलेले परवलीचे शब्दच कायम होते! पण सोव्हिएत संघाच्या हाती नेमके उपयोगाचे काय लागले, याचा हिशेब पुस्तकात अपुराच राहतो. घरगुती गप्पांची काही पाने त्याला देता आली असती.