मुक्या चित्राची संगत

2007 साली लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात हिमांशु राय आणि फ्रान्झ ऑस्टेन यांचा ‘प्रपंच पाश’ हा 1929चा मूकपट दाखवला गेला. नितीन साहनी यांनी त्यासाठी नव्याने रचलेले संगीत लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने पडद्यापाशी बसून वाजवले. 2017मध्ये याच जोडीच्या ‘शिराझ’ला (1928) अनुष्का शंकर यांनी संगीत दिले आणि तो प्रयोग लंडननंतर भारतातल्या शहरांतही झाला. भारतीय मूकपट आणि प्रत्यक्ष वादन हा विषय निघाला की ही दोन उदाहरणे हटकून येतात, आणि बहुतेक वेळा चर्चा तिथेच संपते. याचे कारण फिल्मच्या डब्यांत सापडते. भारतात सुमारे 1300 मूकपट निघाले. त्यांतले आज पाहायला मिळतात ते दोन-तीन डझनांच्या आतबाहेर, आणि त्यांतलेही कित्येक तुकड्यांत. राय-ऑस्टेन यांचे चित्रपट परदेशी भागीदारीत निघाले होते, म्हणून त्यांच्या प्रती परदेशात सांभाळल्या गेल्या. प्रत जिथे राहिली तिथल्याच संस्थेने संगीत करवून घेतले आणि ते तिथल्या सभागृहाच्या मापाचे झाले. साहनींचे संगीत देखणे आहे, पण इतके भरघोस की काही प्रसंगांत चित्रच त्याला साथ करते आहे असे वाटते. अनुष्का शंकर यांनी हात बराच आवरता घेतला आहे. तरीही दोन्हीकडे रचनाकार आधी आणि चित्र नंतर, हा क्रम जाणवतो.

मूकपटाला संगीत देणे ही आधी संगतीची कला आहे आणि मग रचनेची. चित्राकडे डोळा ठेवून वाजवायचे, ते बदलेल त्या क्षणी बदलायचे, ते बोलत असेल तेव्हा गप्प राहायचे. ही विद्या मराठी मुलखात अजून रोजच्या वापरात आहे आणि तिचे सर्वांत जागते विद्यालय सिंधुदुर्गात, दशावताराच्या रंगमंचाशेजारी आणि पिंगुळीच्या चित्रकथींत आहे. आपले संगीत वर्ग मात्र तिला अभ्यासाचा विषय मानत नाहीत आणि मूकपटांचे अभ्यासक तिच्याकडे लोककला म्हणून कौतुकाने पाहून पुढे जातात. मूकपटांना संगीत देऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याची खरी अडचण इथे आहे.

मूकपट आपल्याकडे कधीच मुका नव्हता, हे आता सर्वांना माहीत आहे. त्याच्याही आधी, 1892पासून, कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन ‘शांबरिक खरोलिका’ हा जादूच्या कंदिलाचा खेळ निवेदन आणि संगीतासह करत होते. काचेवर रंगवलेली चित्रे पडद्यावर पडत आणि शेजारून कथा चाले. 3 मे 1913 रोजी गिरगावात कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा प्रेक्षकाला उजेडातले चित्र आणि अंधारातला आवाज ही जोडी नवी नव्हती. पुढे मुंबईतल्या बड्या थिएटरांत पियानो आणि छोटे वाद्यवृंद आले, बाकी ठिकाणी पेटी-तबला. हे वादक संगीत नाटकाच्या वातावरणातून आलेले. पदांच्या चाली त्यांच्या बोटांत होत्या. त्यांनी काय वाजवले याची स्वरलिपी नाही, ध्वनिमुद्रणही नाही. बोलपट आला आणि ‘अयोध्येचा राजा’ला (1932) गोविंदराव टेंब्यांचे संगीत मिळाले, ते नोंदले गेले. त्याआधीच्या एकोणीस वर्षांतले पडद्यापुढचे वादक मात्र इतिहासातून जवळजवळ नाहीसे झाले. म्हणून ‘अस्सल’ मूकपट-संगीत पुन्हा उभे करण्याचा आग्रह आपल्या बाबतीत पोकळ ठरतो. परत आणण्याजोगा मूळ नमुनाच हाती नाही. फार तर ते वादक ज्या रीतीने काम करत, ती रीत आज कुठे जिवंत आहे का हे पाहता येते.

सिंधुदुर्गात संगीत शिकणारी मुले कमी नाहीत. डबलबारी भजनांमुळे गावोगावी पेटी आणि पखवाजाचे वर्ग चालतात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद-अलंकारपर्यंतच्या परीक्षा दिल्या जातात. या परीक्षांनी गावातल्या मुलाला राग, ताल, लिपी यांची शिस्त दिली, हे मोठेच काम आहे. पण परीक्षेच्या चौकटीत राग हा स्वयंपूर्ण असतो. तो सुरू होतो, वाढतो, संपतो, आणि त्याला बाहेरून कोणी मध्येच तोडत नाही. पखवाजाचा विद्यार्थी चौतालातली रचना स्वच्छ वाजवून दाखवतो. समोर राक्षसाने तलवार उपसली म्हणून ती पाचव्या मात्रेवर सोडून द्यायची वेळ त्याच्यावर कधी येत नाही. चित्राला संगत करणाऱ्याचे मात्र सगळे कौशल्य नेमके या सोडून देण्यात आहे.

दशावतारात ते रोज रात्री घडते. तुळशीच्या लग्नानंतर जत्रा सुरू होतात, देवळापुढच्या दहीकाल्याला रात्रभर नाटक चालते, आणि पावसाच्या तोंडावर हंगाम संपतो. गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, संकासुर असा आडदशावताराचा पूर्वरंग झाला की आख्यान लागते. आख्यानाला लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरते, भूमिका वाटल्या जातात, आणि संवाद नट रंगमंचावर उभा राहून रचतो. रंगमंचाच्या बाजूला पायपेटी, पखवाज आणि झांज एवढाच मेळ. झांजवाल्याला इथे तालरक्षक म्हणतात. या तिघांना पुढचे वाक्य माहीत नसते, कथा माहीत असते. नटाचा हात वर जाताच पेटी सूर धरते. त्याने पदाचा पहिला शब्द उच्चारला की चाल ओळखून पट्टी जुळवायची. स्वगत लांबले तर पेटी एका सुरावर खाली रेंगाळते, शब्दांच्या अंगावर येत नाही. युद्धाला पखवाज पुढे होतो आणि नटाच्या गिरक्या, पायाचे ठेके, तलवारींची भेट यांच्याशी थापा जुळवतो. दोन योद्धे दमले की लयही श्वास घेते. काय वाजवायचे यापेक्षा कधी थांबायचे हे या मंडळींना जास्त कळते. मूकपटाच्या वादकाला हवी ती तालीम हीच: कथेचे भान पूर्ण, क्षणाचे भान अनिश्चित, आणि नजर पुढच्या माणसावर. गेल्या काही दशकांत ‘ट्रिकसीनयुक्त’ अशी जाहिरात करून नाटके होतात, अदृश्य होणे, प्रकट होणे, अग्नी, नाग असे चमत्कार दाखवले जातात. फाळक्यांनी कॅमेऱ्याने जे केले त्याचाच हा रंगमंचीय भाऊबंद, आणि चमत्काराच्या आधीची ताण वाढवणारी थाप कुठे तोडायची हे पखवाजवाल्याला चोख ठाऊक असते.

पिंगुळीचा धागा पडद्याच्या आणखी जवळ जातो. कुडाळजवळच्या या गावातल्या ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या या कला टिकवल्या. सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता. परशुराम गंगावणे यांना 2021मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा पिंगुळीचे नाव जिल्ह्याबाहेरही अनेकांच्या कानांवर गेले. चित्रकथीत पुराणातल्या प्रसंगांची कागदी चित्रे एकामागून एक समोर येतात. कथेकरी गातो, सांगतो, साथीला वीणा, टाळ आणि हुडूक. एक चित्र किती वेळ राहील हे कथा ठरवते आणि चित्र बदलताना संगीत तुटत नाही, ते एका चित्रातून दुसऱ्यात प्रेक्षकाला नेते. चामड्याच्या बाहुल्यांत तर पांढरा पडदा, मागे दिवा आणि पुढे सावल्यांची हालचाल. जपानमध्ये पडद्याशेजारी उभ्या राहणाऱ्या बेन्शी निवेदकांनी मूकपटाला इतके आपलेसे केले की तिथे बोलपट रुजायला 1930च्या दशकाचा बराच काळ जावा लागला. त्या परंपरेचा आज जगभर अभ्यास होतो. आपल्याकडे त्याच जातीचे कसब कुडाळ स्टेशनपासून काही किलोमीटरवर आहे आणि ते हस्तकलेच्या दालनात ठेवले जाते.

यावर पहिला आक्षेप असा की दशावतारात नट वादकाची वाट पाहतो आणि वादक नटाची; फिल्म कोणाची वाट पाहत नाही. आक्षेप वजनदार आहे आणि तो पूर्ण खोडता येत नाही. मूकपटाच्या काळात प्रोजेक्टर बऱ्याच ठिकाणी हाताने फिरत असे, वेग कमी-जास्त होई, म्हणजे चित्रही थोडेफार लवचीक होते. आज फाइल ठरल्या वेगाने जाते. त्यातही गोम आहे: सेकंदाला सोळा-अठरा चौकटींनी चित्रित केलेली फिल्म चोवीसने चालवली की माणसे तुरुतुरु धावतात आणि प्रसंगाची लांबी चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याने कमी होते. वादकांनी कोणत्या वेगाच्या प्रतीवर सराव केला हे आधी ठरले नाही, तर उत्तम रचनाही फसते. दशावताराची तालीम इथे अपुरी पडते, कारण तिला पुढचा क्षण पाठ करण्याची सवय नाही. विद्यार्थ्याला चित्रपट अनेकदा पाहून त्याची वळणे अंगात मुरवावी लागतील. इटलीत पोर्देनोने इथल्या मूकपट महोत्सवात तरुण पियानोवादकांना जे शिकवतात त्यात हा भाग असतो, आणि तो तिथून घ्यायला काहीच हरकत नाही. पण पाठ केलेली वळणे ताजी वाटतील अशी वाजवणे, हे पुन्हा आख्यानाच्या पेटीवाल्याकडूनच शिकावे लागेल. तेच आख्यान तो हंगामात कितीदा तरी वाजवतो.

दुसरा आक्षेप रसिकतेचा आहे. दशावताराचे संगीत ठळक, टिपेचे, साच्यातले. प्रत्येक राक्षसाला तीच थाप, प्रत्येक शोकाला तोच सूर. जे डोळ्यांना दिसते तेच कानांना पुन्हा सांगायचे, हा दोष त्यात आहेच. त्याचे कारणही उघड आहे. ते उघड्यावरच्या, लांबवर बसलेल्या गर्दीसाठी घडले. कॅमेरा चेहऱ्याजवळ जातो तेव्हा हा आवाज मोठा होतो. लाऊडस्पीकरने तर तो आणखी मोठा केला आहे. तेव्हा पायपेटी-पखवाज जसेच्या तसे उचलून मूकपटापुढे मांडले, तर लोककलेचा देखावा होईल, संगीत होईलच असे नाही. घ्यायची ती पद्धत: नजर, थांबणे, कथेवरून चाल निवडणे. वाद्ये सतार, चेलो किंवा नुसता हुडूक असली तरी चालेल. ही पद्धत त्या मातीबाहेर नेता येते याचा दाखला वसंत देसाई. आजच्या सिंधुदुर्गातल्या सोनवड्याचा हा मुलगा प्रभात फिल्म कंपनीच्या सुरुवातीच्या दिवसांत, मूकपट अजून चालू असताना, कोल्हापुरात पोचला. भजन-कीर्तन-दशावताराच्या मुलखातून आलेला. ‘दो आँखें बारह हाथ’ (1957) मधल्या गाण्यांबद्दल भरपूर लिहिले गेले, पार्श्वसंगीताबद्दल फार कमी. ‘अचानक’ (1973) तर गाण्यांविना चित्रपट, आणि त्याचे संगीत त्यांचे. प्रसंगाला आवाज किती द्यायचा आणि कुठे काढून घ्यायचा, याचा विचार करणारा हा संगीतकार आपण गाण्यांच्या यादीत बसवून टाकला. मराठी संगीत समीक्षेची ही जुनी खोड आहे: पार्श्वसंगीत म्हणजे उरलेली जागा.

मग एकदा उत्तम ध्वनिमुद्रण करून चित्रपटाला जोडून का देऊ नये, असेही विचारले जाते. अखंड चित्रपटांसाठी हे ठीक आहे. आपले चित्रपट अखंड नाहीत. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे उरले, आणि तेही 1917च्या नव्या आवृत्तीचे असावे असे काही अभ्यासक मानतात. मधली कथा पडद्यावर नाही. तिथे ध्वनिमुद्रित संगीत काय करणार? जिवंत मेळ मात्र पडदा काळा ठेवून, चित्रकथ्याच्या रीतीने गात-सांगत ती दोन रिळे ओलांडू शकतो, किंवा पिंगुळीच्या शैलीतली चित्रे त्या जागी दाखवू शकतो. जगातल्या कोणत्याही वाद्यवृंदापेक्षा हे काम पिंगुळीच्या माणसाला सोपे आहे. कायद्याची अडचणही इथे येत नाही. चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर 60 वर्षांनी संपतो, त्यामुळे फाळक्यांचे चित्रपट केव्हाच मोकळे झाले आहेत. अडचण व्यवहाराची आहे. विद्यार्थ्यांच्या प्रयोगात ज्येष्ठ पखवाजवाला ‘मार्गदर्शक’ म्हणून एका ओळीत उरला आणि रचनाकार म्हणून दुसऱ्याचे नाव लागले, तर ते चोरीच्या जवळ जाते. शिकवण्याचे मानधन आणि रचनेतले नाव या दोन्ही गोष्टी आधी ठरल्या पाहिजेत.

सुरुवात कुठून करावी, तर ‘कालिया मर्दन’पासून. 1919चा हा चित्रपट फाळक्यांच्या उरलेल्या कामात सर्वांत भरीव आहे. त्याच्या आरंभी मंदाकिनी फाळके ही त्यांची लहान मुलगी कॅमेऱ्यासमोर एकामागून एक भाव दाखवते आणि मग कृष्ण होते. या भागाला वादकांनी जवळजवळ काहीच करू नये. प्रत्येक भावाला सूर बदलत गेले तर मुलीचा खेळ वादकांचा होईल. पुढे डोहाचा प्रसंग येतो. पाण्याखाली कृष्ण आणि नाग यांची झुंज, काठावर कासावीस झालेले आईबाप आणि गावकरी, आणि फाळके या दोन ठिकाणांमध्ये ये-जा करतात. दशावताराची सवय पखवाजाला सरळ डोहात नेईल, कारण युद्ध तिथे आहे. तो निर्णय चुकीचा नाही, पण चित्र काठावर आले की थाप थांबवावी लागेल आणि प्रसंगाचे दोन तुकडे पडतील. दुसरा मार्ग असा की संगीत काठावरच राहावे: पेटीचा एक खालचा सूर, झांज बंद, आणि झुंज चालू असताना पखवाजाने हातही लावू नये. काठावरच्या माणसांना पाण्याखालचे काही ऐकू येत नाही. तिसरा, दोन्ही एकत्र, लय डोहाची आणि सूर काठाचा, हे सर्वांत कठीण, कारण पखवाजवाल्याला नजर एकीकडे ठेवून कान दुसरीकडे द्यावा लागेल. यातले काय जमते हे तालमीतच कळेल, आणि त्या तालमीला विशारद झालेला मुलगा आणि हंगाम संपवून आलेला पखवाजवाला, दोघेही बसलेले हवेत.